मोटेवरचे पाढे

आमच्या वडिलांना अक्षराची ओळख नव्हती आणि त्याचा त्यांना फारसा संकोचही नव्हता. पाढे मात्र तिसापर्यंत तोंडपाठ. ते त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकून ऐकून घेतलेले. एवढ्या भांडवलावर ते माझे घरचे मास्तर झाले.

तशी वेळच आली होती. दिंद्रुडजवळच्या आमच्या खेड्यात निजामाच्या सरकारनं नवीनच शाळा काढली होती. ती मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरे. घरात कारभार थोरल्या चुलत्यांचा, आणि त्यांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "साळंत जाऊन कोन तैसीलदार झालाय बे? गुरं कोन राखायची?" असं ते वडिलांना रोज विचारत. शेवटी त्यांनीच निवाडा केला. बीडहून साहेब तपासणीला येतील तेव्हा पोरगं पास होऊन दुसऱ्या जमातीत, म्हणजे इयत्तेत, गेलं तर शाळा, नाही तर दुसऱ्या दिवसापासून गुरांमागं. वडिलांनी मान डोलावली आणि मला पास करायचं मनावर घेतलं.

गुरुजींनी सांगितलं, संध्याकाळी दिव्यापुढं बसवून पाढे म्हणवून घ्या. वडिलांनी ते थोडे दिवस केलं. पण दिवसभर राबलेला माणूस भिंतीला टेकला की संपलं. मी दोन ओळी म्हणेपर्यंत ते घोरू लागत, आणि मास्तरच झोपल्यावर पुढं जाणं बरं नव्हे म्हणून मीही मोठ्या आज्ञाधारकपणे थांबे. तेव्हा शाळा मोटेवर हलली. मोट हाकताना झोपायची सोय नव्हती.

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या तोंडापासून बैल उतारावरून खाली जातात तेव्हा पाण्यानं भरलेली कातडी मोट वर येते आणि पाटात रिकामी होते. मग त्याच बैलांना पाठमोरं वर आणायचं, म्हणजे मोट पुन्हा पाण्यात. वडिलांची शिकवणी या चालीवर बसलेली. बैल उताराला लागले की वडील नाड्यावर, म्हणजे मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसून ओळ सांगत आणि मी शेजारून चालत ती मोठ्यानं म्हणे. "सतरा दुणे चौतीस! हां माझ्या राजा!" यातला राजा म्हणजे डावा बैल. माझ्या वाट्याला असले शब्द क्वचितच येत. मोट रिकामी झाली की बैलांबरोबर मीही उलट्या पावलांनी वर. वर पोचल्याशिवाय पुढची ओळ नाही.

यात एक गडबड झाली. सतराचा पाढा चालू असताना एकदा नाडा विहिरीवरच्या चाकावरून घसरला आणि मोट भरलेलीच परत विहिरीत गेली. वडिलांच्या हिशेबी ती खेप झालीच नव्हती, म्हणून त्यांनी "सतरा चोक अडुसष्ट" पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं, ही ओळ दोनदाच म्हणायची असते. पाढ्यांचं शास्त्र मोठं, आपण कोण विचारणार!

साहेब आले. शेरवानी, तुर्की टोपी, आणि बसायला पाटलाच्या घरची खुर्ची. बाहेर आवारात चुलते हात मागं बांधून उभे, वडील खांबाशी. साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "सतरा का पाढा बोलो."

मी ताठ उभा राहिलो आणि सतराचा पाढा कुठल्या कुठं गेला. गुरुजींनी डोळे वटारले. तेवढ्यात खांबाकडून हाळी आली, "हां, चल रं माझ्या राजा!"

पाय आपोआप निघाले. "सतरा एके सतरा" म्हणत मी खुर्चीपर्यंत गेलो, थांबलो, आणि पाठमोरा भिंतीपर्यंत परत आलो. मग "सतरा दुणे चौतीस" करत पुन्हा खुर्चीकडं. साहेबांनी पाय आत ओढून घेतले. पोरं तोंडात सदरे कोंबून हसत होती. सतरा चोक अडुसष्टला मी दोन फेऱ्या मारल्या. दहाव्या ओळीला पोचलो तेव्हा मला घाम फुटला होता आणि गुरुजींना माझ्याहून जास्त.

गुरुजींनी मोटेचा प्रकार चाचरत सांगितला. साहेब हसले, पण मान हलवून म्हणाले की पाढा येतो, रीत येत नाही. पोराला एका जागी उभं राहणं शिकवा, पुढच्या साली बघू. चुलत्यांनी लगेच माझ्याकडं पाहिलं. गुरांची काठी मला त्या नजरेतच दिसली.

वडील चपला बाहेर काढून ओवरीत आले. पाटलापुढंही कधी न वाकणारा माणूस साहेबांच्या खुर्चीपुढं हात जोडून उभा राहिला. त्यांचं हिंदुस्तानी म्हणजे मराठीलाच दाढी लावलेली. त्या भाषेत ते म्हणाले, "साहेब, एक जागा खडा रहने को हम हैना. इसकू पुढं जाने देव."

पोरं पुन्हा खिदळली. मीही हसणार होतो, पण वडिलांचे जोडलेले हात दिसले आणि मला एकदम रडू आलं. साहेब गुरुजींकडं वळून म्हणाले, "लिखो, दुसरी जमात."