काठोकाठ भरलेली बॅटरी

ॲसिडचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. आंबूस, घशाला टोचणारा. शेवंतीच्या दिवसांत, मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पानांवर दव असतानाच जुन्या जीपचं बॉनेट उघडलं, की फुलांचा गार ओला वास मागे सरायचा आणि हा पुढे यायचा. मी त्याला जीपचाच वास समजत होते.

ती जीप ह्यांनी जुनीच आणलेली. तेव्हा अजून कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. रोज सकाळी टोपल्या लादून हे नाशिकच्या फुलबाजारात जायचे. तिथे चार माणसं "या अण्णा" म्हणायची, तेवढाच ह्यांचा रुबाब. जीपचं बाकी सगळं हे बघायचे, पण घरात पाणी भरणं बाईचं काम, म्हणून बॅटरीचं पाणीही माझ्याकडे आलं. सहा बुचं काढायची आणि बाटलीतून ओतायचं. कळशी असो की देवापुढची समई, अपुरी ठेवायची नाही, हे सासूने लावलेलं वळण. मी बॅटरीही काठोकाठ भरत गेले, वर्षानुवर्षं. दसऱ्याला हळदकुंकू वाहताना तर थोडं जास्तच.

पुढे टर्मिनलांवर हिरवट पांढरी पूड धरू लागली. गॅरेजवाल्या रफिकभाईंनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतायला सांगितला. ओतलं की उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस यायचा. मग ब्रशने घासायचं, धुवायचं, कोरडं पुसून वर व्हॅसलीन चोपडायचं. खालचं शिसं सकाळच्या उन्हात उजळलं की वाटायचं, जमलं. महिन्याभरात पूड पुन्हा हजर.

शेवटी एका हिवाळ्यात रफिकभाईंनी बॅटरीच उचलली. खालचा पत्रा त्यांच्या हातात पापडासारखा मोडला, आणि त्याखाली जीपची चासी, जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती, आतून पोखरलेली निघाली.

"पत्रा नवा ठोकला असता," ते म्हणाले. "इथे वेल्डिंग धरायला लोखंडच उरलं नाही. ही आता रस्त्यावर काढू नका, अण्णा."

बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटा बुडाल्या की पाणी पुरे, असं त्यांनी समजावलं. वर भरलेलं पाणी खड्ड्यात हिंदकळतं आणि ॲसिड घेऊन खाली उतरतं. मग विचारलं, पाणी कोण घालायचं?

ब्रश माझ्याच हातात होता.

"मीच," हे म्हणाले. "लय भरायचो."

रफिकभाई हसले. "अण्णा, बॅटरी हाय ती, रांजण नाय."

हेही हसले. मी ब्रश धुवायला घेतला. मी काठोकाठ भरते हे ह्यांना आधीपासून ठाऊक होतं की हे सहज बोलून गेले, ते मी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही नाही.

जीप भंगारात गेली. फुलं दुसऱ्याच्या टेम्पोतून जाऊ लागली. आधी टेम्पोचा आवाज आला की हे ओट्यावरून उठायचे, दोन पावलं जायचे, परत बसायचे. आता उठत नाहीत. शेजारच्या मळ्यात उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली दुपारीच ओट्यावर येते. ती ह्यांच्या अंगावरून सरकते, तरी हे जागचे हलत नाहीत.

संध्याकाळी मी ह्यांच्यासाठी तांब्या भरते. काठाच्या दोन बोटं खाली माझा हात थांबतो. हे तांब्याकडे बघतात, माझ्याकडे नाही.

"भर की पुरता," म्हणतात.

मला भरवत नाही.