निळं पडलेलं पातेलं

हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. कळंबच्या बंगल्यातलं टायटॅनियमचं पातेलं काकूनं नाही, मी बिघडवलं.

त्या बंगल्याची देखभाल माझ्याकडे आहे. भांडी घासायला शेजारची काकू मीच लावून दिली होती. मालकीणबाई शनिवार-रविवारी मुंबईहून यायच्या. ते पातेलं त्यांचं लाडकं. हातात घेतलं तर वजनच नाही. मी काकूला बजावलं होतं: कोमट पाण्यात भिजवायचं, मऊ स्पंजनं घासायचं, लगेच पुसायचं. तारेची घासणी नको, राख तर नकोच. काकूची हयात राखेनं घासण्यात गेलेली, तरी तिनं ऐकलं. "लेकरावानी न्हाऊ घालायचं म्हन की रं," एवढंच म्हणाली.

एका सोमवारी तळाला खीर करपलेली दिसली. काकू यायची होती, पण मला घाई. आमच्याकडे लोखंडी तव्याला काही चिकटलं की तवा रिकामाच मोठ्या आचेवर ठेवून जाळून काढतात. मी तेच केलं. पत्रा पातळ, बघता बघता निळा-जांभळा झाला.

शनिवारी बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "काकूनं राख लावली असेल. जुनी सवय."

काकू दारातच होती. "मी राख नाय लावली रं. तूच सांगितलंवतंस ना, लावू नको?"

ती माझ्याकडे बघत होती, मी पातेल्याकडे. बाई ओरडल्या नाहीत. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाल्या.

पुढे दुसऱ्या बंगल्यांवरून तिच्याबद्दल मलाच विचारायचे. मी गप्प राहायचो. त्यांना तेवढं पुरायचं. तिच्या घरी सुनेला टोमणा सापडला: "राहू द्या आई, आमची साधी स्टीलची हायेत, निळी कराल."

गेल्या महिन्यात मन घट्ट करून गेलो. काकू ओटीवर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "लावलीबी आसंल रं मी राख. हाताला सवय. आता ध्यानात नाय. माज्यापायी तुला खाली बघाय लागलं."

सून चहा घेऊन आली. मी चहा प्यालो आणि उठलो.

काकूनं राख लावली नव्हती. हे तिला, तिच्या सुनेसमोर, मला अजून सांगायचं आहे. बाईंनाही सांगायचं आहे.