पाटकरी आबांची नक्कल

पाटकरी आबा डोळे मिटून पाणी मोजायचे. फाट्याच्या दारापासून पन्नास पावलांवर, बाभळीच्या सावलीत उकिडवे बसायचे, कान पाण्याकडे लावायचे आणि म्हणायचे, "चार बोटं उघडून आलो हुतो. सा बोटं वाजतंय." जाऊन पाहावं तर खरंच कुणीतरी बहाद्दराने दार दोन बोटं वर ओढलेलं असायचं. तो बहाद्दर बहुतेक वेळा शेजारच्याच उसात लपलेला असे. त्याला आबा नावानिशी हाक मारत, "ये भाईर, मुंग्या चावत्याल."

कालव्याच्या फाट्यावरून कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. आमच्या निमगाव केतकीत आमदाराला विसरतील, पाटकऱ्याला विसरणार नाहीत. आबांनी आयुष्यभर एकच धर्म पाळला, पाण्याच्या पाळीचा. नंबर आला की दारावर हजर राहायचं. नसलात तर पाणी पुढच्याला. एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या रानाची पाळी होती आणि मेहुणे जेवून जरा लवंडले ते लवंडलेच. आबांनी पाणी पुढच्या रानात सोडलं. बहीण बांधावर येऊन रडली, आबा तिच्याबरोबर रडले, पण दार काही फिरवलं नाही. "आक्का, पाळी हुकली की हुकली. आता फुडल्या आवर्तनाला, कालव्याला पुन्यांदा पानी सुटंल तवा." त्या साली भाऊबीजेला आक्काने त्यांना ओवाळलं नाही. पुढच्या साली ओवाळलं. त्यावरही आबा म्हणाले, "बघा, तिनंबी आवर्तन पाळलं."

दुसरी खूण म्हणजे त्यांची टोपी. आबांचं सगळं दप्तर टोपीच्या घडीत असे. पाळीपत्रक, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकेचा फाडलेला पत्ता, नातीने काढलेला मोर. कुणी काही कागद मागितला की आबा टोपी काढून पत्ते पिसल्यासारखे कागद पिसत. त्या टोपीत काय गेलं नाही आणि तिथून काय हरवलं नाही!

आता माझ्याविषयी. माझं खतं-बियाणांचं दुकान आहे, पण तालुका मला ओळखतो तो माइकमुळे. लग्न असो, सत्कार असो, दुकानाचं उद्घाटन असो, सूत्रसंचालन बापूंचं! आणि सूत्रसंचालनात मधे मधे नकला. कारखान्याच्या संचालकांची, लाडू मोजून वाढणाऱ्या आचाऱ्याची, भटजींच्या मोबाइलची. माणूस समोर बसलेला असताना त्याची नक्कल करावी आणि तो हसतो की चिडतो हे तिरक्या डोळ्याने बघावं, यासारखं सुख नाही. मला ते सुख भरपूर मिळालं. देव माझं भलं करो.

निवृत्तीनंतर आबा रोज माझ्या दुकानात, युरियाच्या गोण्यांवर बसायला येऊ लागले. दर अर्ध्या तासाने उठायचे, मागच्या वावरात जायचे आणि बऱ्याच वेळाने यायचे. आले की लगेच पुन्हा जायला लागेल की काय अशा चेहऱ्याने अर्धेच बसायचे. मी ते सगळं टिपलं. धोतराचा सोगा डाव्या मुठीत, घाईची पण लपवलेली चाल, वावराच्या कडेला उभं राहून आभाळाकडे पाहणं, जणू पावसाचा अंदाज घेतोय. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक खोल उसासा. मग परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा सोगा मुठीत!

पहिल्यांदा ही नक्कल मी एका लग्नात केली. मंडप असा हसला की वरमाईच्या हातातलं ताट सांडलं. आबा पहिल्या रांगेत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वा, काय दिलदार माणूस! पुढे प्रत्येक लग्नात फर्माईश होऊ लागली, "बापू, आबा होऊ द्या एकदा." मी आबा होत गेलो. आबा हळूहळू मंडपात मागच्या रांगेत बसू लागले, कनातीजवळ. मग पंगतीत पाण्याचा पेला पालथा घालू लागले. पुढे बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत. अख्ख्या शिवाराला पाणी पाजलेला माणूस उन्हाळ्यात कोरडा फिरायचा, आणि मी ते नकलेत घातलं. तो पालथा पेला फार हशा घ्यायचा.

मग नियतीने माझी पाळी लावली. एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या डाव्या कुशीत अशी कळ आली की मी काउंटरखाली गेलो. मी आयुष्यात इतका खरा अभिनय कधी केला नव्हता. गर्दी जमली, सल्ले सुरू झाले. "हुलग्याचं कढाण द्या." "पानफुटीची पानं चावा." एकजण म्हणाला, बियर. त्याला स्वतःलाच हवी असणार. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, मुतखडा दिसतोय, उद्या बारामतीला मूत्रविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्वी यासाठी पुणं गाठावं लागे, आता बारामतीत सोय झाली होती.

आबा गोणीवरून म्हणाले, "मी येतो संगट."

"कशाला आबा? मी जाईन की."

"आरं, तुला कळ आली तर रांगेत कोन हुबं ऱ्हाईल? रांगेचं काम मला जमतंय."

एसटीत आबा दाराजवळच्या सीटवर बसले. लासुर्ण्याला गाडी थांबली तसे उतरले आणि थांब्यामागे गेले. कंडक्टर दोनदा बेल मारून ओरडला, "ओ पाव्हणं, मुक्काम करताय का हितं?" आबा धावत आले. आले ते लघवी झालीच नाही अशा चेहऱ्याने. मी तो चेहराही टिपला. मला कळ होती, तरी टिपला.

दवाखान्यात ही गर्दी! एक कन्हेरीचा गडी आपला पडलेला खडा तंबाखूच्या डबीत घालून आला होता आणि शेजाऱ्यांना दागिना दाखवावा तसा दाखवत होता. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक तात्या होते, त्यांच्या लघवीच्या नळीची पिशवी त्यांनी बाजाराच्या पिशवीत ठेवलेली, वरून मेथीची जुडी खोचून. एक सासू-सून होत्या. सुनेला जळजळ होती आणि सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं "पोटात दुखतंय" सांगत होती. मी बाकड्यावर वेटोळं करून पडलो. आबा खिडकीपाशी रांगेत उभे राहिले, बराच वेळ, आणि माझी चिठ्ठी घेऊन आले. "बारा नंबर हाय तुझा."

मी आत गेलो. सोनोग्राफी झाली. खडा तुरीच्या दाण्याएवढा निघाला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, भरपूर पाणी प्या, बहुतेक पडून जाईल. नाही पडला तर दुर्बिणीतून काढू. कापाकापी नाही." डॉक्टर वॉर्डात चक्कर मारायला गेले, नर्सने इंजेक्शन टोचलं, थोडा वेळ आतच झोपवलं, आणि कळ अशी गेली जणू कधी नव्हतीच. मी राजासारखा बाहेर आलो.

बाहेर कन्हेरीच्या गड्याने मला ओळखलं. "तुमी निमगावचं बापू न्हवं? सूत्रसंचालनवालं? आवो, आमच्या मेव्हण्याच्या लग्नात ती म्हाताऱ्याची नक्कल केलीती! करा की."

"दवाखान्यात?" मी म्हणालो. म्हणालो फक्त.

"मग काय हुतंय? हितं समदीच त्यातली हायेत!"

मी आबांकडे पाहिलं. ते भिंतीकडेच्या खुर्चीत बसले होते, टोपी गुडघ्यावर. तेव्हा माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. चपलेतून दोन्ही अंगठ्यांची नखं पांढरी दिसत होती. लघवीला जळजळ होऊ लागली की आमच्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि पायाच्या अंगठ्यांना चुना फासतात. शहाण्या माणसाने ते पाहून काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळलं असेल. मला काय सुचलं, ते सांगतो. मी कन्हेरीकराकडून चुना मागून घेतला आणि स्वतःच्या अंगठ्यांना फासला.

"आबा, करू का?" मी विचारलं. मी नेहमी विचारत असे, तेवढा सभ्य आहे मी.

आबा म्हणाले, "कर की लेका. वळखीची मानसं हायेत."

मी सोगा मुठीत धरला. पँटचा सोगा, पण लोकांना दिसला. पांढरे अंगठे पुढे करत मी त्या हॉलभर चाललो, खिडकीपाशी उभा राहून आभाळ पाहिलं, उसासा टाकला. कोऱ्हाळ्याचे तात्या पिशवी पोटाशी धरून ओरडले, "हसवू नगा वो, नळी ओढती!" सुनेने पहिल्यांदा तोंडावरचा पदर काढला. आणि ऐन रंगात आतून परिचारिकेचा आवाज आला, "तेरा नंबर! तेरा नंबर कोण आहे?"

कोणीच उठलं नाही.

"तेरा नंबर आहे का?"

मी सोगा सावरत, आबांच्या आवाजात ओरडलो, "तेरा नंबर वावरात गेलाय! ईल झाल्याव!"

हॉल कोसळला. परिचारिकाही हसली आणि म्हणाली, "चौदा नंबर या." आबाही हसले. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला, गाडी गाठू."

खडा आठवड्यात पडला. मी त्याच्यावर वीस मिनिटांचा कार्यक्रम बसवला. आबा मात्र दुकानात येईनासे झाले. कधी रस्त्यात दिसले तर लांबून हात करत. मीच एकदा म्हणालो, "आबा, तुम्ही पण दाखवून घ्या त्या डॉक्टरांना." ते म्हणाले, "बघू आता फुडं." मी फार आग्रह केला नाही. ते बरे झाले असते तर नकलेचं काय, असा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळपासून आबांची लघवी पूर्ण बंद होती, ओटीपोट मडक्यासारखं टणक. आम्ही गाडीत घालून त्याच दवाखान्यात नेलं. नळी घातली, पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरली. डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाजूला घेतलं. "प्रोस्टेटची गाठ वाढलेली आहे, साधीच. या वयात खूप जणांची वाढते. पण मूत्राशय कधी पूर्ण रिकामंच होत नव्हतं. पाणी तुंबून तुंबून मागे किडनीपर्यंत दाब गेलाय. दोन वर्षांपूर्वी आले असते तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. नाहीतर दुर्बिणीतून एक ऑपरेशन, चार दिवसांत घरी." मग त्यांनी विचारलं, "त्यांना त्रास होतोय हे घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

माझ्या तर सगळं लक्षात आलेलं होतं, हावभावांसकट.

नंतर डायलिसिस लागलं. मी आठवड्यातून एकदा त्यांना बारामतीला न्यायचो, तेवढंच. तिथेही आबा आत शिरले की विचारत, "माझ्या आदी कोन हाय?" आपल्या पुढच्याचं मशीन सुटल्याशिवाय पलंगाकडे जायचे नाहीत. मशीनमधून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत एकदा म्हणाले, "चार बोटं उघडलंय." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच दिवशी मी विचारलं, "आबा, तुम्ही माझ्याबरोबर इथे आला होतात. इथवर येऊन का नाही दाखवलंत?"

ते डोळे मिटून म्हणाले, "हुकली पाळी."

"कसली पाळी?"

"हुकली की हुकली, बापू."

मला वाटलं, किडनीमुळे माणूस असंबद्ध बोलतो म्हणतात, ते हेच.

आबा पुढच्या आवर्तनाच्या आत गेले. फाट्याला पाणी सुटलं त्या दिवशी आम्ही त्यांच्या अस्थी घेऊन निघालो होतो.

महिन्याभराने त्यांच्या सूनबाई दुकानात आल्या. हातात आबांची टोपी. "भावजी, ही तुमी ठिवा. तुमी त्यांची नक्कल करता ना, तवा घालत जावा. लोकांस्नी त्यांची आठवन ऱ्हाईल." त्या हे अगदी मनापासून बोलत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी टोपी घेतली.

त्या गेल्यावर मी घडी उलगडली. कागद तसेच होते. जुनं पाळीपत्रक. नातीचा मोर. निमगाव ते बारामती एसटीचं तिकीट. आणि त्या तिकिटात गुंडाळलेली दवाखान्याची चिठ्ठी. खिडकीवरच्या बाईंच्या अक्षरात आबांचं पूर्ण नाव, वय अडुसष्ट, आणि त्रास या शब्दापुढे: लघवीला वारंवार जावे लागते, साफ होत नाही, जळजळ. त्या अनोळखी बाईंना त्यांनी सगळं सांगितलं होतं. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने गोल करून लिहिलं होतं, १३.

अजूनही लग्नात फर्माईश होते, "बापू, आबा होऊ द्या." मी घसा बसलाय म्हणून सांगतो. टोपी दुकानात, काउंटरच्या कप्प्यात आहे. एकदा शटर ओढून, कुणी नसताना घालून पाहिली. अगदी मापात बसते.