दगडूचा सूर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. गणपतीसमोर पेटी वाजवताना त्यालाही नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

त्या वर्षी गणेशोत्सवात सोलापुरात गल्लोगल्ली गाण्याचे मेळे निघत होते, म्हणून आमच्या वकीलसाहेबांनाही एक काढावासा वाटला. सगळ्या जातींचा! विणकर, वाणी, तबल्यावर एक मुसलमान, आणि अस्पृश्य वस्तीतून एक. एकच — मिरवायला एक पुरतो की. पहिल्याच बैठकीत सर्वांनी एकत्र चहा प्यायचा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला. कप मात्र ज्याने त्याने घरून आणायचा. हसू कुणालाच आलं नाही. मी तर ठरावाला अनुमोदन दिलं होतं.

तो एक म्हणजे दगडू. कापडगिरणीत सूतखात्यात कामाला. आमच्या त्या बेसूर कळपात गळा म्हणावा असा त्याचा एकट्याचा. बाकीचे नुसते ओरडत. वकीलसाहेब तर समतेचं पद आलं की असे काही किंचाळत, की माझी पेटी मलाच ऐकू येत नसे.

शेवटचा कार्यक्रम एका आडत्याच्या घरी, त्याच्या चौकात होता. शहरातली बडी मंडळी येणार होती आणि मला — लपवून काय करू? — त्यांच्यासमोर बसून वाजवायचं होतं. आडत्याचा निरोप आला : सगळे या, तो एक नको. वकीलसाहेबांनी उपरण्याने घाम टिपला. म्हणाले, "मास्तर, तुम्हीच बघा काय ते. जातीचं नाव मात्र निघता कामा नये." तत्त्व शाबूत राहिलं पाहिजे, माणसाचं काय का होईना! किळस येते आता. तेव्हा आली नाही.

दगडूला खरं सांगता आलं असतं. तो चिडला असता, शिव्या घातल्या असत्या — घालू दे की! त्याचा गळा तरी त्याच्यापाशी राहिला असता. मी काय केलं? तालीम संपल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि म्हणालो, दगडू, तुझा सूर लागत नाही रे आताशा. गिरणीच्या कापसाने घसा गेला तुझा.

त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? कापसाची धूळ तर रोज छातीत जात होती, आणि मी मास्तर होतो. तो ज्येष्ठमध चघळू लागला, मिठाच्या गुळण्या करू लागला. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभा.

"आता बघा की मास्तर. लई फरक हाय."

आणि दारातच उभं राहून गायला, कारण आत ये असं मी म्हटलं नव्हतं. इतका स्वच्छ सूर, की माझा हात आपोआप पेटीकडे गेला. तो मी मागे घेतला. म्हणालो, नाही रे, राहू दे तू.

"तुमी म्हंता तर न्हायच लागत मग," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी चौकात आम्ही समता गायलो. वकीलसाहेबांना हार मिळाला, मला शेला. असा मेळा साऱ्या मुंबई इलाख्यात नाही, असं आडत्या भाषणात म्हणाला. मी शेला सावरून मान लववली.

काही वर्षांनी दगडू सात रस्त्याला भेटला. बरोबर त्याची लहान मुलगी, स्वतःशीच गुणगुणत चाललेली. अगदी बापाचा गळा. मला पाहताच त्याने तिला दटावलं, "गप गं! मास्तर हायती. आपल्या घरात कुणाला सूर न्हाय, किती येळा सांगायचं?" मग ओशाळून माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हय की न्हाय, मास्तर?"

पोरगी गप्प झाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "होय."