कुरखेड्याची खाला आणि परदेशी पाहुणी

सज्जनहो, पानं थुंका आणि सावरून बसा. लहान मुलांच्या रक्षणासाठी दोन देशांनी मिळून केलेल्या एका थोर कारवाईचं स्थळ मी आज जाहीर करतो आहे. ते कुठल्याही राजधानीत नाही. ते आहे कुरखेड्याचं बसस्टँड.

आमची बांगडीवाली खाला तिथे पेटी मांडून बसायची. तिचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. पोराला पट्ट्याने सोलणाऱ्या एका बेवड्याचे दात तिने त्याच पट्ट्याच्या बकलाने पाडले होते. पोलिसांनी विचारलं तेव्हा भोवतीच्या बायका, खालानेच पढवलेलं, एका सुरात म्हणाल्या, "मले काई दिसलं नाई, भाऊ."

काच मात्र ती जिवापाड जपायची. बांगडी ‘फुटली’ असं कोणी म्हटलं की डोक्यात टपली. "वाढली म्हन, अभागे!"

नव्वदीच्या दशकात एक परदेशी बाई आली. मुलं देशोदेशी विकणाऱ्यांविरुद्ध सगळ्या देशांनी एक व्हावं, असं ती गावोगाव सांगायची. दुभाषी मी. "संशय आला तर हात उचलू नका, पोलिसांना कळवा," ती म्हणाली.

"अन् पोलीस येवोस्तर पोरगी कुठी राहीन, बाई?" खालाने विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणी रोज पेटीशेजारी बसून खालाची बोली शिकू लागली.

एका दुपारी एक माणूस साडी नेसवलेली मुलगी घेऊन आला. "बायको आहे. बांगड्या भरा, दुबईला निघालोय."

खालाने मुलीचा हात धरला. पेटीतली सगळ्यात लहान बांगडीही मनगटावरून घसरून पडली.

"कितवीत हायेस तू, बेटा?"

"सहावीत."

खालाने आख्खी पेटी उचलून त्याच्या डोक्यात घातली. जन्मभर जपलेली काच टाळूत रुतली. रक्ताने माखलेला तो पळू लागला, तोच पाहुणीने झेप घेऊन त्याचे पाय ओढले आणि त्याच्या पाठीवर बैठक मारली. खाला चपलेने त्याचं थोबाड फोडत ओरडत होती, "सगळ्या वाढल्या रे, भाड्या!"

मुलगी आईकडे पोचली, तो कोठडीत. पण त्याच दुपारी तिथून त्याने खालावर तक्रार ठोकली, आणि फौजदार तिला उचलायला आला. गावातल्या बायकांची साक्ष त्याला पाठ होती. म्हणून त्याने पाहुणीलाच गाठलं.

खाला जाऊन वर्षं झाली. स्टँडच्या फरशीच्या भेगांत अजून हिरवी काच चमकते आणि मला ती दुपार दिसते. फौजदार अदबीने विचारतो, "बाई, त्याला कोणी मारलं?" मी इंग्रजीसाठी तोंड उघडतो. त्याआधीच, अंगभर रक्त उडालेली ती पाहुणी म्हणते, "मले काई दिसलं नाई, भाऊ."