सहीच्या जागी अंगठा

वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्यावरचा माझा एक राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

ते आधी होळकरांच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत सरकार आलं आणि ते टेबलासकट नव्या सरकारात आले. लहानसहान दुकानांचे परवाने त्यांच्या हातात असत. माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

एका दुपारी त्यांच्या टेबलासमोर आमच्या गल्लीतली सिंधी बाई उभी होती. फाळणीत सगळं तिकडे टाकून आलेली. नवरा वाटेतच गेलेला. घरात सासू आणि दोन मुली. सियागंज बाजाराच्या कोपऱ्यावर उघड्यावर मशीन मांडून ती परकर, झबली शिवायची. परवाना नसेल तर एक दिवस सरकारी गाडी येऊन मशीन उचलून नेणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिला गुमटीचा, म्हणजे लाकडी खोक्याएवढ्या दुकानाचा, परवाना हवा होता.

अर्जाखाली तिनं झरझर सही केली, उजवीकडून डावीकडे, सिंधीत. वडिलांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"ये यहाँ कौन पढ़ेगा, बाई? अंगूठा लगा दो."

"साहब, मैं उधर स्कूल में टीचर थी. बच्चियों को हिसाब पढ़ाती थी."

"उधर पढ़ाती होगी. इधर अंगूठा लगाओ, नहीं तो रहने दो."

तिनं पेन खाली ठेवलं. मग तिनं अंगठा उठवला आणि शाईचा हात पदरात लपवून निघून गेली.

घरी मी विचारलं, तर वडील म्हणाले, "अगं, काम झालं ना तिचं? ती लिपी ऑफिसात कोणाला येत नाही. उद्या काही लफडा झाला तर जिम्मेदारी माझी." वर उपकार केल्याचा आव! स्वतः ते मोडीत सही करायचे. नव्या सरकारात ग्वाल्हेरकडून, कुठून कुठून आलेल्या साहेबांपैकी मोडी किती जणांना वाचता येत होती? पण वडिलांच्या अंगठ्याला कोणी शाई लावली नाही. तो मान फक्त त्या बाईचा.

परकर शिवायला टाकायच्या निमित्तानं मी तिच्या गुमटीवर गेले आणि म्हटलं, मी तुम्हाला आमची अक्षरं शिकवते. ती हसली. "बाई नहीं, अदी बोल," म्हणाली. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. कापडाच्या चिंध्यांवर शिंपीकामाच्या खडूनं आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थीण होऊनही तिच्यातली मास्तरीण काही जाईना. माझा 'ण' वाकडा आला की ती मलाच पुन्हा काढायला लावी, आणि जाता जाता माझे अपूर्णांकही तिनं सरळ करून दिले. तिची शिलाई उत्तम होती. आमच्या घरांतल्या बायका पोलकी तिच्याचकडे टाकायच्या, आणि माघारी 'निर्वासित असून नखरे बघा' म्हणायच्या. नखरे कसले, तर माप घेताना ती कोणालाही ताटकळू देत नसे आणि स्वतःही ताटकळत नसे!

वर्षानं परवाना नव्यानं करून घ्यायचा होता. त्या दिवशी अदी मला मुद्दाम बरोबर घेऊन गेली. घरून आणलेलं पेन काढून तिनं डावीकडून उजवीकडे सही केली. वरची रेघसुद्धा सरळ. मला वाटलं, आता वडील खूश होतील.

त्यांनी मागच्या वर्षीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "रेकॉर्ड में अंगूठा है. दस्तखत मिलेगा नहीं. अंगूठा ही लगेगा."

"बाबा, मीच शिकवलंय त्यांना! त्यांना येतं!"

"तू डबा ठेव आणि घरी जा."

मी हलले नाही. अदी त्या जुन्या कागदावर वाकली होती. अंगठ्याच्या ठशाखाली वडिलांनी काहीतरी लिहिलेलं होतं. गेल्या वर्षी तिला ते वाचता येणं शक्यच नव्हतं. आता तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मी शिकवलं होतं तसं मोठ्यानं वाचलं, "नि... र... क्षर." एवढा अवघड 'क्ष', पण अडखळली नाही.

शब्द तिला नवा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. "बेबी, इसका मतलब?"

मी वडिलांकडे पाहिलं. शब्द त्यांचा होता, अर्थही त्यांनीच सांगायला हवा होता. ते शाईच्या पॅडचं झाकण काढत बसले.

"जिसको लिखना-पढ़ना नहीं आता," मी म्हटलं.

अदीनं पेनाचं टोपण घट्ट लावलं आणि अंगठा पुढे केला.