मिलानमध्ये न घेतलेला सूट

सुट्टीत मिलानला जाणार म्हटल्यावर जपानमधल्या हिगाशी-कासाईच्या आमच्या इमारतीतल्या बायकांनी मला खरेदीचे सल्ले द्यायला सुरुवात केली. त्यातली एकही मिलानला गेलेली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. "मोठ्या चर्चशेजारी काचेच्या छपराखाली दुकानं आहेत, तिथे नुसतं बघायचं, घ्यायचं नाही," एक म्हणाली. "शहराबाहेर आउटलेट आहे, तिकडेच जा," दुसरी म्हणाली. तिसरीने लिफ्टमध्ये गाठून बजावलं, "लेदर घे, पण वास घेऊन घे." मी ज्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते तिथे शेजारी बसणाऱ्या जपानी बाईंनी तर नकाशाच छापून आणला. दुकानांवर गुलाबी ठिपके काढलेले. जाता जाता त्यांनी हळूच सुचवलं की चॉकलेटं आणणार असाल तर एकेक सुटं गुंडाळलेली आणा, म्हणजे सगळ्या टेबलांवर ठेवता येतील.

मला स्वतःला मिलानमधून काही नको होतं. हवं होतं माझ्या लेकीला, आणि तेही माझ्यासाठी. तिला माझ्या अंगावर एक सूट हवा होता.

मार्चमध्ये तिची प्राथमिक शाळा संपत होती. सहावी संपली की इथे मोठा निरोप समारंभ असतो, शाळेच्या जिममध्ये. त्याला जवळजवळ सगळ्या आया गडद निळ्या नाहीतर काळ्या सूटमध्ये येतात. गळ्यात मोत्यांची माळ, छातीवर कापडी फूल. असं कुठे लिहिलेलं नसतं, कुणी सांगतही नाही, आणि तरी एकीचाही रंग चुकत नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी मी साडी नेसून गेले होते. तेव्हा ही माझा पदर धरून सगळ्यांना दाखवत हिंडली होती. आता ती बारा वर्षांची झाली होती.

"आई, या वेळी नॉर्मल कपडे घाल," ती जपानीत म्हणाली. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आमच्या घरात हे असंच चालतं.

"साडी नॉर्मल नाही का?"

"इथे नाही."

ती स्वतः काय घालणार होती ते ऐका. हल्ली मुली त्या दिवशी हाकामा घालतात, म्हणजे किमोनोवर छातीखाली बांधायचा लांब, चुण्याचुण्यांचा घागरा. तिने जांभळा हाकामा उन्हाळ्यातच भाड्याने ठरवून ठेवला होता. म्हणजे लेकीने चुण्या घातलेल्या चालतात, आईने घातल्या की मान खाली जाते.

"काही आया किमोनो नेसून येतात ना?" मी विचारलं.

"ते जपानी आहे."

"आणि मी कोण आहे?"

यावर तिने कानात इअरफोन घातले. नवरा म्हणाला, "अगं, कशाला वाढवतेस? मिलानमध्ये सूट छान मिळतात. घेऊन टाक एखादा. दोन तासांचा तर प्रश्न आहे." त्याला काय, त्याचा सूट कपाटात तयार होता आणि त्याला कुणी धोतर सोड म्हणालं नव्हतं. पण लेकीसाठी माणूस काय काय करतं, एक सूट घालायला काय हरकत, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं मला पटलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

मिलानमध्ये आम्ही आधी सगळ्यांनी सांगितलेल्या त्या महागड्या गल्लीत गेलो. प्रत्येक दारात काळ्या कोटातला एक उंच माणूस, आणि आत एवढी मोकळी जागा, की तिथे आमच्या कासाईतल्या दोन बिऱ्हाडांचा संसार मावला असता. काचेत एक पर्स एकटीच बसलेली. भाव कुठेच लिहिलेला नाही. आपल्याकडे जिचा भाव विचारावा लागतो ती वस्तू एकतर फारच महाग असते नाहीतर दुकानदार लबाड असतो, त्यामुळे मी आत गेलेच नाही. नवऱ्याने फोटो काढले आणि कॉफी प्यायला निघून गेला.

मग लेकीने मला एका मोठ्या, साध्या माणसांच्या दुकानात ओढलं. जानेवारीचा सेल लागला होता. तिने मन लावून सूट निवडला. गडद निळा, गुडघ्याखालचा स्कर्ट. तिचं ते गंभीर तोंड बघून मला हसू आलं. कपडे घालून बघायच्या खोलीपाशी आलो, आणि आम्ही दोघींनी, एकमेकींकडे न बघता, बूट काढले. टोकं बाहेरच्या बाजूला वळवून पडद्याबाहेर नीट लावून ठेवले आणि आत गेलो. जपानमध्ये तसंच करतात. बूट-चपला बाहेर काढणं पुण्यात वाढलेल्या मला तर जन्मापासूनच ठाऊक, लेकीला तिच्या जन्मापासून. वर मी पडद्यातून मान काढून तिथल्या मुलीकडे चेहऱ्यावर घालायची पातळ पिशवीही मागितली, कपड्याला तोंडाची पावडर लागू नये म्हणून जपानी दुकानांत देतात ती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अंथरूण-पांघरूण मागितलं होतं.

सूट अगदी बेतल्यासारखा बसला. तीच तर पंचाईत झाली. आरशात एक बाई उभी होती, थकलेल्या कर्जाची चौकशी करायला आलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यासारखी. बाई वाईट नव्हती. पण ती मी नव्हते.

मी कपडे बदलले, बाहेर आलो तर आमचे बूट गायब. इकडेतिकडे शोधलं, तर दुकानातल्या त्याच मुलीने ते विकायचे आहेत असं समजून बुटांच्या मांडणीवर नेऊन ठेवले होते, आणि एक आजीबाई माझा उजवा बूट हातात घेऊन तळ तपासत होत्या. मी मोज्यांवर धावत गेले. मग काय झालं ते सगळ्यांना कळलं. दुकानातल्या मुली हसल्या, आजीबाई हसल्या, रांगेतली माणसंही हसली. वाईट हेतूने कुणीच नाही. मीही हसले. लेक मात्र लालबुंद होऊन मोज्यांवर उभी होती.

"हे नॉर्मल आहे," ती जपानीत पुटपुटली. "बूट काढणं नॉर्मल आहे."

"हो ना," मी म्हटलं. "इथे नाही."

मला तसं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, आणि गेलं तेव्हा फार बरं वाटलं. मी सूट परत हँगरवर लावला. "मी हा घेणार नाही. मी साडी नेसून येणार आहे."

तिने आपले बूट चढवले. मग म्हणाली, "मग येऊच नकोस."

भर दुकानात, सेलच्या गर्दीत. परदेशात पोर वाढवायचं म्हणजे ते कधीतरी आपल्याला दारातच उभं करणार, ही भीती मी उराशी धरून होतेच. पण तो दिवस इतक्या लवकर आणि इतक्या थंड आवाजात येईल असं वाटलं नव्हतं. तिच्यासमोर मी रडले नाही. माझ्या माहेरी मला भांडखोर म्हणतात, सासरी तसं मानतात. तेवढा लौकिक तरी राखायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या मागच्या रस्त्यावर आठवडी बाजार भरला होता. ना कुणाच्या सल्ल्यात होता, ना गुलाबी ठिपक्यांत. भाजी, चीज, पायमोजे, आणि टोकाला एका गाड्यावर कापडाचे उरलेसुरले तुकडे. मिलानमध्ये खरेदी कुठे करावी असं मला आज कुणी विचारलं तर मी त्या गाड्याचं नाव सांगेन, फक्त त्याला नाव नव्हतं. तुळशीबागेत हात सरावलेली बाई ढिगात शिरल्यावर जे करते ते मी केलं. खालून एक तुकडा निघाला, गडद निळ्या लोकरीचा, पातळ, हाताला सायीसारखा. गाड्यावरची बाई इटालियनमध्ये भाव सांगत होती, मी मराठीत तो पाडत होते, आणि दोघींनाही सगळं कळत होतं. एवढ्याशा कापडात जॅकेट होणार नाही, असं तिने खुणेने सांगितलं. मी दंडावर, पाठीवर बोट फिरवून ब्लाउज दाखवला. ती खांदे उडवून हसली.

लेक थोडी दूर उभी होती. कापड पिशवीत जाताना तिने एकदा त्यावर हात फिरवला. "हा रंग," ती म्हणाली. मी तिला सांगून टाकलं, "रंग तुझा. साडी माझी."

आमच्या इमारतीत घरी ब्लाउज शिवणारी एक मैत्रीण आहे. तिने लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा ब्लाउज शिवून दिला. शाळेच्या जिममध्ये मार्चमध्येही हाडं गोठतात, पहिलीच्या वेळी मी कुडकुडले होते. त्यावर माझी गर्द निळी इरकल, लाल काठांची, टोपपदराची. येऊ का, असं मी विचारलं नाही. ये, असं ती म्हणाली नाही.

समारंभाच्या दिवशी ती सकाळीच दुकानातून हाकामा बांधून घेऊन परस्पर शाळेत गेली. मी बांधून देते म्हटलं होतं, तिने नको म्हटलं. नवरा आणि मी मागून पोहोचलो. बूट काढून पिशवीत घातले, घरून आणलेल्या सपाता चढवल्या आणि जिमच्या दारापाशी निळ्या-काळ्या सूटांच्या गर्दीत उभे राहिलो. माझ्याकडे माना वळल्या, लगेच सभ्यपणे परतही फिरल्या. मी ठरवलं होतं, शेवटच्या रांगेत बसायचं. लपायला नव्हे. तिला मी दिसले नाही तरी मला ती दिसावी म्हणून.

एवढ्यात जिन्यावरून ती धावत आली. हाकामाची एक बाजू खाली घसरली होती, पायरीवर घागऱ्यात पाय अडकला असावा. दोन्ही हातांनी चुण्या गोळा करून ती आयांच्या घोळक्यापाशी थांबली. एकीने पर्स उघडली, दुसरीने छातीवरचं फूल काढून त्याची बारीक पिन पुढे केली, पण चुण्यांत टोचताच ती पिन वाकली. मी हललेच नाही. येऊच नकोस म्हटलेल्या जागी मी आले होते, आता आपणहून पुढे जायचं नाही, एवढा ताठा मला होताच.

लेकीने मान वर करून गर्दीत शोधलं. मग सगळ्यांसमोर, मोठ्याने, मराठीत ओरडली, "आई! पिन दे!"

साडी नेसलेल्या बाईजवळ पिन नाही असं कधी झालंय? मी खांद्यावरची मोठी पिन काढली, गुडघ्यावर बसून तिच्या चुण्या सारख्या केल्या, पट्टा वर ओढला आणि आतून पक्का टोचला. ती वळून गेली आणि लगेच परत आली, हाकामाचे सुटलेले बंद हातात धरलेल्या एका मैत्रिणीला घेऊन. "माझ्या आईकडे आहेत," ती तिला जपानीत सांगत होती, "तिच्याकडे नेहमी असतात." मी निऱ्यांची पिनही काढून दिली.

पुढचा सगळा समारंभ मी एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने निऱ्या धरून बसले. लेकीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. हात मोकळे नव्हते, आणि पदर-निऱ्या मी सोडणार नव्हते.